शेजारी देशांच्या सहकार्यातून वर्गीकरणतज्ज्ञ कसे घडवावेत

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मध्य आफ्रिकेत कसाव्याच्या (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात त्या) पिकावर एक अनोळखी पिठ्या ढेकूण दिसू लागला आणि काही वर्षांतच तो त्या खंडातील कसावा पिकवणाऱ्या मोठ्या पट्ट्यात पसरला. 1977 मध्ये त्याला ‘फेनाकोकस मॅनिहोटी’ हे शास्त्रीय नाव मिळाले. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, तेव्हा या किडीचे नैसर्गिक शत्रूही तिकडेच सापडतील, या तर्काने शोध सुरू झाला. परंतु दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात जो पिठ्या ढेकूण हाती लागला, तो दिसायला जवळजवळ तसाच असूनही निराळ्या जातीचा होता: आफ्रिकेतील कीड नरावाचून प्रजनन करत होती, तर या ढेकणात नर आणि मादी दोन्ही होते. त्याच्यावरचे मित्रकीटक आफ्रिकेतील किडीवर उपयोगी पडले नाहीत. पुढे त्याला ‘फेनाकोकस हेरेनी’ असे वेगळे नाव देण्यात आले. खरी जात 1981 मध्ये पॅराग्वेत सापडली, तिच्यावर जगणारी ‘अनागायरस लोपेझी’ ही सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी त्याच वर्षी नायजेरियात सोडण्यात आली आणि कीड आटोक्यात येऊ लागली. हीच कीड 2008 मध्ये थायलंडमध्ये आढळली, तेव्हा त्या देशाने 2009 मध्ये ही गांधीलमाशी आणली ती पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमधून.

वर्गीकरणाचे, म्हणजे जीवांच्या जाती ओळखण्याचे आणि त्यांना नावे देण्याचे, ज्ञान कोणत्या वाटांनी फिरायला हवे, हे या उदाहरणावरून चांगले दिसते. दक्षिण आशियातील शहरांत मलेरिया पसरवणारा ‘अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी’ हा डास 2012 मध्ये जिबूतीत आणि 2016 मध्ये इथिओपियात नोंदवला गेला. आफ्रिकेत वर्षानुवर्षे वापरल्या जाणाऱ्या ओळख-सारण्यांत (एकेक लक्षण पडताळत जात ओळखण्याच्या तक्त्यांत) तो नव्हताच, कारण तो तिथला नव्हता. त्याला नजरेने ओळखणारी माणसे मात्र भारतात आणि पाकिस्तानात पिढ्यान् पिढ्या काम करत आली आहेत. अशी उदाहरणे समोर असूनही विकसनशील देशांतील संस्था तज्ज्ञ हवा म्हटले की आधी युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांना पत्र लिहितात. ते चूक आहे असे नाही, कारण जुने टाइप नमुने (ज्यांच्यावरून जातींना नावे दिली गेली ते मूळ नमुने) आणि ग्रंथालये बहुतांशी तिथेच आहेत. पण तिथला तज्ज्ञ वर्षातून एकदा येऊन परत जातो. शेजारच्या देशातील अभ्यासकाकडे तेच प्राणी, त्याच वनस्पती, तोच दमट पावसाळा आणि जवळपास तेवढेच तुटपुंजे अंदाजपत्रक असते, त्यामुळे त्याने शोधलेली पद्धत आपल्याकडेही टिकते. असे सहकार्य उभे करायचे असेल तर कुठून सुरुवात करावी आणि कुठे सावध राहावे, यासंबंधी हे मार्गदर्शन आहे.

सर्वप्रथम, ‘जैवविविधता’ या एवढ्या मोठ्या शब्दावर सहकार्य उभारू नये. एखादा जीवगट निवडावा आणि तो निवडताना त्याच्या ओळखीची गरज आज नेमकी कोणाला पडते, हे विचारावे. बंदरांवरील आणि विमानतळांवरील वनस्पती क्वारंटाइन कक्षांना फळमाश्या, पिठ्या ढेकूण, फुलकिडे रोज ओळखावे लागतात. आरोग्य खात्याला डास, वालुमक्षिका आणि गोगलगायी लागतात, मत्स्यव्यवसाय खात्याला माशांची पिल्ले, आणि वन खात्याला लाकडाच्या तुकड्यावरून झाड. या विभागांकडे ‘अनिश्चित’ म्हणून परत आलेल्या नमुन्यांची यादी मागावी. अशी यादी तीन-चार देशांतून मिळाली, तर कोणते गट सर्वांनाच अडवतात हे आपोआप दिसते, आणि त्या विभागांकडून पुढे पैसा मागताना ती यादीच सर्वांत चांगला अर्ज ठरते.

त्याबरोबरच माणसांची आणि संग्रहांची मोजणी करावी. प्रत्येक देशात त्या गटावर कोण काम करते, ती व्यक्ती निवृत्तीपासून किती वर्षे दूर आहे, तिच्या हाताखाली कोणी शिकते आहे का, संग्रहात किती नमुने आहेत, त्यांतील किती कुलापर्यंत, किती प्रजातीपर्यंत (जीनस) आणि किती जातीपर्यंत (स्पीशीज) ओळखले आहेत, हे लिहून काढावे. निवृत्त झालेल्यांना या मोजणीतून वगळू नये. अनेक गटांत प्रत्यक्ष ज्ञान त्यांच्याकडेच उरलेले असते, आणि त्यांना मानधनापेक्षा एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि एक शिकाऊ विद्यार्थी दिला तर ते अधिक आनंदाने येतात. हे काम रुक्ष असले तरी टाळता येण्यासारखे नाही.

सहकार्याचा सांगाडा कसा असावा, यासाठी दोन जुने प्रयोग पाहण्याजोगे आहेत. 1993 मध्ये सुरू झालेल्या बायोनेट-इंटरनॅशनल या जाळ्याने कॅरिबियन, आग्नेय आशिया, पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिकी प्रदेश अशी उपजाळी उभी केली. त्या त्या प्रदेशातील देशांनी ती स्वतः चालवायची, बाहेरच्यांनी मागितल्यास मदत करायची, ही त्यामागची कल्पना होती. कल्पना उत्तम होती. परंतु प्रादेशिक जाळ्यांना स्वतःचे नियमित उत्पन्न नव्हते, आणि मध्यवर्ती सचिवालय बंद झाल्यावर त्यांतील बहुतेकांची हालचाल मंदावली. दुसरा प्रयोग सॅबोनेटचा. 1996 ते 2005 या काळात दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना, झिम्बाब्वे, झांबिया, मलावी, मोझांबिक, अंगोला, लेसोथो आणि स्वाझिलँड या दहा देशांतील हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह, एकत्र आली. त्यांनी माणसांना पदव्युत्तर शिक्षण दिले, नमुन्यांच्या नोंदी संगणकावर आणल्या, एकत्र संकलन मोहिमा काढल्या. या प्रयोगाचे बळ त्याच्या मर्यादेत होते, असे मला वाटते: एकच विद्याशाखा, सलग भूप्रदेश, आणि एकमेकांच्या हद्दीत वाढणारी तीच झाडे.

म्हणून सुरुवातीला चार ते सहा देश पुरेत. प्रत्येक जीवगटासाठी एक आघाडीची संस्था ठरवावी आणि ती वेगवेगळ्या देशांत वाटून द्यावी. सगळे गट सर्वांत श्रीमंत शेजाऱ्याकडे गेले, तर बाकीचे देश पुन्हा नमुने पुरवणारे होऊन बसतात. समन्वयक पूर्णवेळ असावा, आणि तो शक्यतो संग्रहात काम केलेला माणूस असावा, कारण हर्बेरियमच्या कपाटातली बुरशी कशी दिसते हे ज्याने पाहिलेले नाही त्याला खर्चाचा अग्रक्रम ठरवता येत नाही. करारपत्र लहान ठेवावे. त्यात नमुन्यांची मालकी, छायाचित्रांचा वापर, लेखांतील श्रेयक्रम आणि उसनवारीची मुदत या चार गोष्टी स्पष्ट असल्या की बाकीचे पत्रव्यवहारात भागते. जैवविविधता कराराखालील जागतिक वर्गीकरण उपक्रमाचा कार्यक्रम 2002 मध्ये हेग येथे मान्य झाला असून त्यात प्रादेशिक सहकार्याला स्पष्ट स्थान आहे, हे सरकारी प्रस्ताव लिहिताना जरूर नमूद करावे. त्यामुळे फाइल पुढे सरकते.

आता प्रत्यक्ष प्रशिक्षण. इथे सर्वाधिक पैसा वाया जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पाच दिवसांची कार्यशाळा, तीस प्रशिक्षणार्थी, शेवटी प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र, या प्रकाराने तज्ज्ञ तयार होत नाहीत. त्यातून ओळखीपाळखी होतात, आणि तेवढ्यापुरता त्याचा उपयोगही आहे. तज्ज्ञ तयार होतो तो एकाच गटाचे हजारो नमुने एका जाणत्या माणसाशेजारी बसून पाहिल्याने.

पिठ्या ढेकणांचेच उदाहरण घेऊ. जिवंत किडीवर पांढरी भुकटी दिसते, तिच्यावरून जात सांगता येत नाही. मादीच्या अंगाला बारीक सुईने छेद द्यायचा, ती दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात कोमट ठेवायची, आतला भाग मऊ झाला की हलक्या हाताने दाबून बाहेर काढायचा, धुवायचे, अ‍ॅसिड फुक्सिनने रंगवायचे, अल्कोहोलमधून आणि लवंगतेलातून नेऊन काचपट्टीवर कॅनडा बाल्सममध्ये बसवायचे. मग सूक्ष्मदर्शकाखाली शृंगिकेचे खंड मोजायचे, शरीराच्या कडेने असलेल्या काटेरी पुंजक्यांच्या जोड्या मोजायच्या, ज्या फेनाकोकस प्रजातीत बहुधा 18 असतात, आणि पोटाकडील मेणस्रावी छिद्रे कुठे दाट आहेत व कुठे नाहीत ते पाहायचे. द्रावणात नमुना थोडा जास्त वेळ राहिला तर तो विरघळल्यासारखा होतो. कमी राहिला तर आतला गाळ छिद्रांवर बसतो आणि मोजणी चुकते. किती वेळ ठेवायचे हे पुस्तकात मिनिटांत लिहिलेले असते, पण ते किडीच्या आकारावर, वयावर आणि ती किती दिवस अल्कोहोलमध्ये पडून होती यावर ठरते. शेजारी बसलेला गुरू भांड्यात डोकावून ‘आता काढा’ म्हणतो, तेव्हा त्याने काय पाहिले हे हळूहळू विद्यार्थ्याच्याही लक्षात येऊ लागते.

यासाठी विद्यार्थ्याने आघाडीच्या संस्थेत सलग काही महिने राहायला हवे, आणि येताना स्वतःच्या देशातील न ओळखलेल्या नमुन्यांची पेटी बरोबर आणायला हवी. परत जाताना ती पेटी ओळखलेली असेल, तिच्यावर नाव ठरवणाऱ्याची आणि वर्षाची चिठ्ठी असेल, आणि त्याच्या संस्थेत तुलनेसाठी पहिला विश्वासार्ह संदर्भसंग्रह तयार झालेला असेल. दुसऱ्या टप्प्यात गुरूने विद्यार्थ्याच्या देशात जावे, कारण क्षेत्रकामातील चुका आणि तिथल्या साठवणीतील अडचणी तिथेच दिसतात. तिसरा टप्पा पदवीचा: एखाद्या प्रजातीचा संपूर्ण प्रदेशापुरता पुनर्विचार (तिच्यातील जातींची नव्याने तपासणी) हा प्रबंधाचा विषय ठेवावा, दोन देशांतील दोन मार्गदर्शक असावेत. एका देशापुरती जातींची यादी करून पदवी देऊ नये. राजकीय सीमा प्राण्यांना ठाऊक नसतात, आणि सीमेपलीकडचे नमुने न पाहता केलेल्या यादीत एकाच जातीची दोन नावे हमखास शिरतात.

भाषेचा प्रश्न लहान समजू नये. आफ्रिकेत शेजारीशेजारी इंग्रजी, फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत उच्चशिक्षण चालते, आणि त्यामुळे लगतच्या दोन हर्बेरियमांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो असे घडते. ओळख-सारण्या चित्रमय केल्या, प्रत्येक टप्प्यावर अवयवाचे स्पष्ट छायाचित्र दिले, तर ही अडचण बरीच कमी होते.

तज्ज्ञांइतकेच तंत्रज्ञही घडवावेत. कोस्टारिकात 1989 मध्ये स्थापन झालेल्या इनबिओ या संस्थेने ग्रामीण भागातील स्त्रीपुरुषांना काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन पॅराटॅक्सॉनॉमिस्ट (वर्गीकरणातील साहाय्यक) म्हणून नेमले. नमुने गोळा करणे, टाचणीला लावणे, प्राथमिक वर्गवारी करणे ही कामे त्यांनी उत्कृष्ट केली आणि अतिशय मोठा संग्रह उभा राहिला. पुढे संस्थेची आर्थिक घडी विस्कटली आणि 2015 मध्ये तिचा संग्रह राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेला. पद्धत अनुकरणीय आहे. त्या माणसांचे वेतन अनुदानावर अवलंबून ठेवणे तेवढे टाळावे.

नमुन्यांच्या देवाणघेवाणीत वनस्पतिशास्त्रज्ञांची एक जुनी चाल सर्वांनी उचलण्यासारखी आहे. एकाच झाडाच्या चार-पाच फांद्या एकाच संकलन क्रमांकाने दाबून घ्यायच्या आणि त्यांचे डुप्लिकेट शेजारच्या हर्बेरियमांना वाटायचे. आग, पूर किंवा वाळवी एका ठिकाणचा संग्रह नष्ट करू शकते. डुप्लिकेट दुसरीकडे असल्यास माहिती वाचते. प्रत्येक नमुन्यावरील चिठ्ठीत स्थळ, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, दिनांक, संकलकाचे नाव व क्रमांक, आणि कीटक असल्यास यजमान वनस्पती लिहिलेली असावी. अल्कोहोलमधील नमुन्यांची चिठ्ठी बाटलीच्या आत असावी आणि पेन्सिलने किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने लिहावी. बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी कालांतराने कोरी होते, आणि स्थळकाळ नसलेला नमुना ठेवून फारसा उपयोग नाही.

परवान्यांसाठी पुरेसा वेळ ठेवावा. 2010 मध्ये स्वीकारलेला आणि 2014 मध्ये अमलात आलेला नागोया प्रोटोकॉल जनुकीय संसाधनांच्या वापरासाठी पूर्वसंमती आणि परस्परमान्य अटी मागतो; परंतु त्याच्याच आठव्या कलमात अव्यापारी संशोधनासाठी सोपी पद्धत आखावी असे म्हटले आहे, याचा आधार घेऊन भागीदार देशांनी एकच सामायिक नमुना-हस्तांतरण पत्र तयार करून आपापल्या प्राधिकरणाकडून मंजूर करून घ्यावे. भारतीय संस्था भागीदार असेल तर 2002 च्या जैविक विविधता कायद्याच्या पाचव्या कलमातील सहयोगी संशोधन प्रकल्पांची तरतूद आधी वाचावी, आणि नव्याने सापडलेल्या जातीचा नमुना नियुक्त भांडारात जमा करावा लागतो हेही लक्षात ठेवावे. साइट्स या (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील) करारातील सूचीबद्ध जातींच्या बाबतीत नोंदणीकृत वैज्ञानिक संस्थांमधील अव्यापारी उसनवारीला सवलत आहे, मात्र तिच्यासाठी दोन्ही संस्था नोंदणीकृत असाव्या लागतात. लहान देशांतील अनेक संस्था ही नोंदणी करतच नाहीत. अल्कोहोलमधील नमुने विमानाने पाठवताना प्रत्येक बाटलीत 30 मिलिलिटरपर्यंत आणि संपूर्ण खोक्यात एक लिटरपर्यंत मोकळा द्रव असेल, आणि बांधणी नियमानुसार असेल, तर हवाई वाहतूक नियमांतील ए-180 ही विशेष तरतूद लागू होते. तिचा उल्लेख कागदपत्रांवर केला नाही तर खोके ज्वालाग्राही माल म्हणून अडकून पडते.

टाइप नमुने लांबच्या खंडात आहेत, ही तक्रार खरी असली तरी पूर्वीइतकी अडवणारी राहिलेली नाही. ब्राझीलने 2010 मध्ये सुरू केलेल्या रेफ्लोरा कार्यक्रमातून लंडनजवळील क्यू वनस्पती उद्यान आणि पॅरिस येथील ब्राझिलियन वनस्पतींच्या नमुन्यांची उत्तम प्रतीची छायाचित्रे देशात आणली व सर्वांसाठी खुली केली. एकट्या लहान देशाला असा करार करणे जड जाते, पण पाच देशांनी मिळून एका गटाच्या टाइप नमुन्यांची छायाचित्रे मागितली तर संग्रहालयेही ती मागणी गांभीर्याने घेतात. जुने साहित्य बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत विनामूल्य मिळते. स्वतःच्या संग्रहातील नोंदी डार्विन कोअर या प्रमाण रचनेत भरून जीबिफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या खुल्या जागतिक संकेतस्थळावर टाकाव्यात, मात्र दुर्मीळ ऑर्किड किंवा चोरीची भीती असलेल्या प्राण्यांची नेमकी ठिकाणे धूसर करावीत.

डीएनए बारकोडिंगबद्दल, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या अनुक्रमावरून जात ओळखण्याबद्दल, उत्साह पुष्कळ आहे आणि तो काही अंशी रास्त आहे. अळी, अंडे किंवा पानाचा तुकडा यांवरून जात सांगायची असेल तर दुसरा मार्ग बहुधा नसतो. पण अनुक्रम ज्याच्याशी जुळवायचा तो संदर्भनमुना चुकीच्या नावाने साठवलेला असेल, तर यंत्र ती चूक मोठ्या आत्मविश्वासाने परत करते. म्हणून प्रादेशिक प्रयोगशाळा एकच असावी, नमुने सर्व देशांनी पुरवावेत, आणि प्रत्येक अनुक्रमामागे तज्ज्ञाने ओळखलेला, क्रमांक दिलेला, पुन्हा पाहता येईल असा नमुना संग्रहात ठेवलेला असावा. डीएनएसाठीचे नमुने 95 टक्के अल्कोहोलमध्ये आणि थंड जागी ठेवावेत.

नवी जात प्रसिद्ध करताना प्राणी आणि वनस्पती यांच्या नामकरणसंहिता वेगळ्या आहेत, हे नवशिक्यांना पहिल्याच महिन्यात शिकवावे. वनस्पतींसाठी 2012 पासून लॅटिन वर्णनाची सक्ती उरलेली नाही, इंग्रजी चालते. प्राण्यांच्या बाबतीत केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणाऱ्या लेखाची झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंद झाली पाहिजे, अन्यथा नाव ग्राह्य धरले जात नाही. टाइप नमुना कोणत्या संस्थेत ठेवला आहे हे दोन्हीकडे लिहावे लागते, आणि ती संस्था जात जिथे सापडली त्या देशातील असावी, असा संकेत जाळ्याने स्वतःच घालून घ्यावा.

तरीही खरी अडचण प्रकाशनानंतर सुरू होते. वर्गीकरणाच्या लेखांना उद्धरणे कमी मिळतात, त्यांची नियतकालिके गुणांकाच्या यादीत खाली असतात, आणि नेमणूक-समित्या याच आकड्यांवर निर्णय घेतात. त्यामुळे चांगला शिकलेला तरुण दुसऱ्या विषयाकडे वळतो. भागीदार संस्थांनी आपल्या बढतीच्या नियमांत ओळख-सारणी, प्रादेशिक मोनोग्राफ (एकाच गटावरचा सविस्तर ग्रंथ), शेजारी देशांना दिलेल्या ओळखी आणि संग्रहातील निश्चित केलेले नमुने यांना गुण ठेवावेत. एका संस्थेने ते केले तर इतरांना त्याचा दाखला देता येतो. क्वारंटाइन आणि आरोग्य खात्यांनी ओळखीचे शुल्क द्यावे, आणि ते शुल्क संग्रहाच्या खात्यात जमा व्हावे, असेही करारात घालता येते. प्रशिक्षणाला पाठवण्यापूर्वीच त्या उमेदवारासाठी मंजूर पद आहे की नाही, हे लेखी विचारावे. नसेल तर दुसरा उमेदवार किंवा दुसरी संस्था पाहावी.

राहिला प्रश्न निधी संपल्यानंतरचा. अल्कोहोलची पातळी भरणे, कपाटे कीडमुक्त ठेवण्यासाठी नमुने उणे 20 अंशांपेक्षा कमी तापमानात गोठवणे, आर्द्रता रोखणे, उसने दिलेल्या नमुन्यांची नोंदवही चालवणे आणि एका संग्रहपालाचे वेतन, एवढे खर्च कधीच थांबत नाहीत आणि तुलनेने लहान असतात. प्रकल्पाच्या शेवटच्या वर्षाची वाट न पाहता दुसऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकातच ते प्रत्येक संस्थेच्या नियमित खात्यावर चढवून घ्यावेत. ज्या संस्थेला हे जमत नाही तिच्याकडे नवे टाइप नमुने ठेवू नयेत. डुप्लिकेट आणि अभ्यासाचे नमुने मात्र जरूर पाठवत राहावे.